कंदुरी : एक अख्खा बोकड, ऐंशी माणसं आणि एकच दुपार

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आला की अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांच्या स्टेटसला एक भलामोठा भाजलेला पक्षी दिसायला लागतो. तो टर्की. थँक्सगिव्हिंगला सगळं घर एकत्र येतं आणि दहा-दहा किलोचा पक्षी ओव्हनमध्ये चार तास भाजला जातो. परभणी जिल्ह्यात त्याच्या तोडीचं काही शोधायचं तर ते म्हणजे कंदुरी. फरक इतकाच की इथं पक्षी नाही, बोकड असतो. आणि ओव्हनच्या जागी तीन दगडांची चूल.

कंदुरी म्हणजे नवसाचं मटणाचं जेवण. मूल झालं, जावळ काढायचंय, दुखण्यातून माणूस उठला, विहिरीला पाणी लागलं, की बोललेला बोकड देवाच्या किंवा पिराच्या नावानं कापायचा आणि भावकी, सोयरे, गावकरी यांना तिथंच जेवू घालायचं. शब्द मूळचा फारसी. फारसीत कंदुरी म्हणजे जेवणासाठी अंथरायचं कापड, दस्तरखान. पुढं त्या कापडावरच्या जेवणालाच हे नाव पडलं. तमिळनाडूत नागोरच्या दर्ग्याच्या उरुसालाही हाच शब्द आहे आणि थेट मलेशिया-इंडोनेशियात सामुदायिक जेवणाला ‘केंदुरी’ म्हणतात. परभणी 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, त्यामुळे असे शब्द इथल्या बोलीत मुरलेले आहेत. कंदुरी मात्र कुठल्या एका धर्माची राहिली नाही. हिंदू कुटुंबं पिराला कंदुरी करतात, म्हसोबालाही करतात, आणि बोकड कापायला बलुतेदारीपासून चालत आलेला गावचा मुलाणी असतो.

आता हिशोब. मराठवाड्याची आपली जात म्हणजे उस्मानाबादी शेळी, बहुतेक काळीभोर. पूर्ण वाढलेला नर साधारण 34 किलोचा भरतो. कातडं, पोटातलं वगैरे गेलं की जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आतबाहेर मटण हाती येतं, म्हणजे पंधरा-सोळा किलो. किलोला पाच-सहा माणसं धरली तर एका बोकडात ऐंशी-नव्वद पानं उठतात. त्याहून जास्त माणूस सांगितला असेल तर रस्सा वाढवायचा. कंदुरीत रस्सा पातळ आणि भरपूर असतो त्याचं हे साधं कारण. भाकरी चुरून खायची म्हटल्यावर फोडी मोजत कुणी बसत नाही.

टर्कीवाल्यांची अडचण असते बर्फाची. गोठलेला दहा किलोचा पक्षी फ्रीजमध्ये नीट सुटायला चार-पाच दिवस लागतात आणि मधला भाग कच्चा राहू नये म्हणून थर्मामीटर खुपसून 74 अंश सेल्सिअस आलं का ते बघावं लागतं. कंदुरीत दोन्ही कटकटी नाहीत. सकाळी कापलेलं मटण लगेच चुलीवर चढतं. प्राणी मेल्यावर काही तासांत त्याचे स्नायू ताठरतात आणि तेव्हा शिजवलेलं मटण चिवट लागतं. त्यामुळे ते ताठरायच्या आत शिजायला टाकणं किंवा थंडीत एखादा दिवस मुरवणं, हे दोनच चांगले मार्ग. फ्रीज नसलेल्या माळावर पहिलाच मार्ग शिल्लक राहतो.

आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण पाण्यात शिजवतात. यातलं थोडं पाणी लेकराबाळांसाठी आळणी म्हणून बाजूला निघतं. काळीज वेगळं काढायचं, कारण ते जास्त वेळ शिजलं की दगड होतं. पाणी वाढवायचं असेल तर आधणाचंच ओतायचं. गार पाणी पडलं की एवढ्या मोठ्या पातेल्याची उकळी मोडते आणि ती परत यायला बराच वेळ जातो. बोकड जून असेल तर घाई चालत नाही. सांध्यातल्या चिवट ऊती मंद आचेवर तासन् तास राहिल्या तरच विरघळतात आणि रश्शाला अंग येतं. हाडावरून मांस सुटायला लागलं की भाजलेला कांदा, खोबरं, काळा मसाला. शेवटी येसर, म्हणजे भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाले दळून केलेलं पीठ. रस्सा दाट होतो तो यानं. येसर गार पाण्यात कालवून सोडावं, नाहीतर गुठळ्या होतात. माळकरी पाहुण्यांची चूल मात्र वेगळी, आणि भांडीही.

खरा धोका शिजवताना नसतो, तो जेवणं झाल्यावर सुरू होतो. अनेक गावांत कंदुरीचं जेवण घरी न्यायचं नाही, तिथंच संपवायचं, असा दंडक आहे. त्यामागं श्रद्धा आहे, पण तो पाळण्यात आरोग्याचाही फायदा आहे. काही जंतूंचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत. मोठं पातेलं गार व्हायला अख्खी रात्र घेतं आणि तेवढ्यात ते बीजाणू जागे होऊन वाढतात. मोठ्या पंगतींनंतर पोट बिघडण्याचं हे जगभर आढळणारं कारण आहे. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं सांगतात. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. परभणीच्या मे महिन्यात दुपारचा पारा याच्या बराच वर असतो. दंडक मोडून डबा न्यायचाच असेल तर रस्सा पसरट भांड्यांत वाटून लवकर गार करावा, फ्रीजमध्ये ठेवावा आणि खाताना खळखळून उकळावा. नुसता कोमट करून चालणार नाही.

कंदुरीवर टीका आजची नाही. गाडगेबाबांनी नवसाच्या पशुबळीविरुद्ध कीर्तनांतून आयुष्यभर सांगितलं आणि सणावारासाठी कर्ज काढू नका हेही बजावलं. दुसरा मुद्दा आजही तितकाच लागू आहे. बोकड, तेल-मसाला, मंडप, पाहुण्यांचा आहेर असं करत खर्च फुगतो आणि भावकीत नाव राखायला दोन बोकड पडतात. काही घरं आता नवस फेडायला मलिदा करतात, म्हणजे चपाती-भाकरीचा गूळ घालून केलेला चुरमा. तो दर्ग्यावर चालतो, आणि घरी नेला तरी कुणी काही म्हणत नाही.