भुलेश्वरची पांजरापोळ व व्यापाऱ्यांचा धर्मादा

जीवदया हा शब्द आपल्या घराघरांत नित्य उच्चारला जातो. परंतु मुंबईसारख्या धकाधकीच्या शहरात त्यास हक्काची जागा कशी मिळाली, हे तरुण मंडळींस ठाऊक असतेच असे नाही. म्हणून ती हकीकत येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

त्या काळी उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम असे व प्रत्येक कुत्र्यामागे शिपायास इनाम मिळे. इ. स. १८३२ च्या जूनमध्ये पाळलेल्या कुत्र्यांचाही बळी जाऊ लागला, तेव्हा पारशी बांधव प्रथम खवळले. पाठोपाठ जैन, हिंदू व मुसलमान मंडळी त्यांस मिळाली; दुकाने बंद पडली, गोऱ्या फौजेची रसदही अडली. लष्कर आले, धरपकड झाली, दंगा मोडला. प्रकरण येथेच संपते, तर तो एक बखेडा म्हणूनच लोकांच्या स्मरणात राहता.

परंतु ‘मारू नका’ म्हणणाऱ्याने न मारलेल्या जीवाच्या चाऱ्यापाण्याची वाट काय लावावयाची? तो भार जैन शेठ मोतीशा, म्हणजेच मोतीचंद अमीचंद, आणि पारशी शेठ जमशेटजी जिजीभाई यांनी शिरावर घेतला, आणि १८३४ मध्ये पांजरापोळ स्थापन झाली. म्हातारे बैल, भाकड गाई, बेवारशी कुत्री यांस तेथे आसरा मिळू लागला. गुजरातेतील महाजनांची ही प्रथा जुनीच. मुंबईत ती दोन धर्मांच्या भागीदारीत चालली, हे विशेष होय.

आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती पैशाची तजवीज. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या व्यवहारावर अल्पसा धर्मादा आपखुशीने बसवून घेतला. सौदा झाला की जनावरांचा वाटा निघालाच. मोतीशा १८३६ मध्ये निवर्तले, तरी संस्था चालूच राहिली. कारण ती कोणा एकाच्या थैलीवर उभी नव्हती.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. या दोघांचाही चीनशी व्यापार होता व त्यात अफूही होती. मुक्या जनावरासाठी कळवळणारे मन त्या पेट्यांतील मालापायी होणाऱ्या माणसाच्या नाशाकडे का वळले नाही, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप सापडलेले नाही.

भुलेश्वरच्या गर्दीत पांजरापोळ आजही आहे. चेंबूरला तर एका वस्तीसच तिचे नाव पडले असून, तेथे उतरणाऱ्या कित्येकांस त्या नावाचा अर्थही ठाऊक नसतो.