हापूस आणि समुद्राची वाट

१८८२ साली 'डनेडिन' हे शिडाचे जहाज न्यूझीलंडमधील गोठविलेले मांस घेऊन इंग्लंडला सुखरूप पोहोचले. नाशवंत अन्नालाही महासागर ओलांडता येतो, हे त्यामुळे दिसून आले. परंतु मांसाला जी थंडी तारते तीच आंब्याला मारते, आणि मुंबई इलाख्याच्या वाट्याला नेमकी हीच अडचण आली. मांस गोठविले की काम भागते; झाडावरून उतरविलेला हापूस मात्र श्वसन करीत असतो, पिकत असतो. त्याला थोपवायचे, पण मारायचे नाही. पारा सुमारे १२ अंशांच्या बराच खाली राहिला की साल काळवंडते. पुढे फळ उबेत आणले तरी ना रंग चढतो, ना स्वाद येतो.

१९३२ व १९३३ च्या हंगामांत युरोपला आंबे पाठविण्यात आले. डॉ. जी. एस. चीमा आणि पी. जी. दाणी यांचा त्यावरील अहवाल मुंबईच्या शेती खात्याने १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. आंब्यावर भरभरून लिहिणाऱ्या मराठी ललित लेखनाने अशा रुक्ष पुस्तिकांकडे फारसे लक्ष दिले नाही. आणि बागायतदाराचे दैव तर त्यांतल्याच प्रश्नाला बांधलेले. सारा माल एकदम मुंबईत उतरला की भाव कोसळतो. पुढे विमानाने परदेश जवळ आणला, पण भाड्याने नफा खाल्ला. २०२२ साली वाशीच्या केंद्रात विकिरण केलेले आंबे थंड कंटेनरमधून समुद्रमार्गे अमेरिकेस गेले. त्या प्रवासाला सुमारे २५ दिवस लागले.