चेपॉकच्या यष्टींमागून

जानेवारी १९८८. माणदेशात शाळू हुरड्याला आलाय. म्हसवडच्या रानात माचाच्या खांबाला ट्रान्झिस्टर टांगलाय आणि गोफण फिरवता फिरवता तुमचा एक कान मद्रासच्या कसोटीकडे लागलाय. त्या आवाजामागोमाग निघा आणि थेट चेपॉकवर उतरा. प्रेक्षकांत बसू नका. यष्टींमागे, किरण मोरेच्या जागी उकिडवे बसा.

आधी गुडघ्यांना रग लागते. प्रत्येक चेंडूला बसायचं आणि टप्पा पडला की चेंडूबरोबरच उठायचं. जरा आधी उठलात तर खाली राहिलेला चेंडू पायांमधून निसटलाच. खेळपट्टी उखडलीय, टप्प्याटप्प्याला धूळ उडतेय. समोरून येतोय एकोणीस वर्षांचा, चष्मेवाला नरेंद्र हिरवाणी, पहिलीच कसोटी. लेगब्रेक की गुगली, हे त्याच्या मनगटावरूनच ओळखायचं. टप्प्याची वाट पाहिलीत तर उशीर होतो. व्हिव्ह रिचर्ड्सच्या वेस्ट इंडीजला तिथेच अडायला होतंय. जिंकायला ४१६ हवेत आणि फिरकी मोडून काढायला एकेक जण क्रीज सोडून पुढे धावतोय.

फलंदाज पुढे सरसावला की त्याचं सगळं अंग तुमच्या नि चेंडूच्या मध्ये येतं. क्षणभर चेंडू दिसतच नाही. हात मात्र नेमके तिथे पोचलेले हवेत. बॅट हवेत फिरते, चेंडू ग्लोव्हजमध्ये येऊन बसतो आणि फलंदाज मागे वळेपर्यंत बेल्स उडालेल्या असतात. या एका डावात मोरे हे पाचदा करतो. पहिल्या डावातला एक धरला तर सामन्यात सहा यष्टीचीत. कसोटी क्रिकेटमधले हे दोन्ही विक्रम आजही त्याच्याच नावावर आहेत.

भारत २५५ धावांनी जिंकतो. हिरवाणीचे १३६ धावांत १६ बळी घरोघरी पोचतात, आणि ते पोचायलाच हवेत. पण बडोद्याच्या या मराठी गड्याचं नाव त्याच दमात घेतलं जात नाही, हे मला आजही खटकतं. १९९० साली लॉर्ड्सवर ग्रॅहम गूचचा ३६ वर त्याच्या हातून सुटलेला झेल आणि गूचचे ३३३ मात्र लोकांना तोंडपाठ!

आता मैदान तेच ठेवा, साल बदला. २२ मार्च २००१. मुंबईचा समीर दिघे बत्तिसाव्या वर्षी पहिली कसोटी खेळतोय. हरभजन सिंगने सामन्यात १५ बळी घेतले, त्या प्रत्येक षटकाला यष्टींमागे दिघेच बसला होता. आता त्याच थकल्या पायांनी त्याला फलंदाजीला यावं लागलंय. ऑस्ट्रेलियाविरुद्ध हव्यात १५५. लक्ष्मण ६६ वर गेला, पाठोपाठ साईराज बहुतुले शून्यावर. सात बाद १३५.

तुम्ही नॉनस्ट्रायकरला दिघेशेजारी उभे आहात. तो घाई करत नाही. एकेक, दोनदोन करत धावा जोडतो. १५१ वर झहीर बाद होतो आणि हरभजन येतो. मॅकग्राचा चेंडू तो पॉइंटकडे मारतो. पळा! एक झाली, वळा, दुसरीही घ्या. भारत दोन गडी राखून जिंकलाय, मालिका २-१, आणि दिघे नाबाद २२.