विमादलाल (भारतातील)

विमादलाल : विमा घेणाऱ्याच्या वतीने विमा कंपन्यांशी बोलणी करून त्याला सोयीची पॉलिसी मिळवून देणारी नोंदणीकृत संस्था. बाजारात ‘ब्रोकर’ हाच शब्द चालतो. ‘दलाल’ म्हटले की गिऱ्हाईक आधीच सावध होते. एजंट कंपनीचा, ब्रोकर गिऱ्हाइकाचा, हा कायद्यातील मूळ भेद. ब्रोकरला कोणत्याही कंपनीचे दर आणता येतात. व्यक्तिगत एजंटाला आयुर्विम्याची एकच कंपनी धरावी लागते, सर्वसाधारण विम्याचीही एकच.

इतिहास : १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमासंस्था चार कंपन्यांत सामावल्या. आगीच्या विम्याचे दर टॅरिफने बांधलेले, तेव्हा घासाघीस करायची कशावर? विमा क्षेत्रातील सुधारणांसाठीच्या मल्होत्रा समितीच्या अहवालानंतर (१९९४) खासगी कंपन्यांना वाट मिळाली व विमा नियामकाने २००२ मध्ये ब्रोकरांसाठी पहिले विनियम काढले. ब्रोकरच्या कामाला खरा अर्थ आला तो मात्र १ जानेवारी २००७ रोजी आग, अभियांत्रिकी व मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर खुले झाल्यावर. २०१८ च्या विनियमांनी थेट ब्रोकरसाठी किमान ७५ लाख, पुनर्विमा ब्रोकरसाठी ४ कोटी आणि संयुक्त ब्रोकरसाठी ५ कोटी रुपये भांडवल ठरवले.

कार्यपद्धती : गिऱ्हाइकाने लेखी मँडेट (अधिकारपत्र) दिल्यावर काम सुरू होते. इचलकरंजीतील यंत्रमागाची शेड घेतली, तर माग किती, सूत कुठे रचले आहे, वायरिंग केव्हाचे, बंब आत येईल एवढा बोळ आहे का, हे ब्रोकरने जाऊन पाहावे. मग एकाच मजकुराची स्लिप (जोखमीचा तपशील) चार कंपन्यांकडे पाठवावी. मजकूर वेगळा असेल तर आलेल्या दरांची तुलना फोल ठरते. सर्वाधिक चुका विमा रकमेत होतात. एक कोटीच्या मालावर प्रीमियम वाचवण्यासाठी ६० लाखांचाच विमा उतरवला आणि २० लाखांचा माल जळला, तर सरासरीच्या कलमाने हाती १२ लाखच येतात, तेही पॉलिसीतील इतर वजावटीआधी. १ एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे; या उदाहरणातील ४० टक्क्यांना ती सवलत पुरत नाही. कंपनीकडे प्रीमियम पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही (विमा अधिनियम १९३८, कलम ६४ व्हीबी). ‘ब्रोकरला फोनवर सांगितले होते’ हे उत्तर क्लेमच्या वेळी चालत नाही.

आयुर्विमा : या क्षेत्रातही ब्रोकर काम करतात.

मोबदला : कमिशन विमा कंपनी देते. बाजू गिऱ्हाइकाची आणि पैसा कंपनीचा, या मांडणीविषयी मतभेद आहेत. कमिशनचा वाटा गिऱ्हाइकाला परत देणे कलम ४१ नुसार निषिद्ध आहे.

क्लेम व तक्रार : कागदपत्रे जुळवणे व पाठपुरावा ब्रोकरकडे; नुकसान सर्व्हेअर मोजतो, निर्णय कंपनी घेते. २०२१ च्या दुरुस्तीपासून ब्रोकरच्या सेवेतील त्रुटींबद्दलही विमा लोकपालाकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये मुंबई, ठाणे व पुणे येथे आहेत.