आत्मा नाही, तर जबाबदार कोण? धम्मातील ज्ञान, मन आणि ‘मी’

विहारातल्या अभ्यासवर्गात एक प्रश्न हमखास येतो : आत्मा मानायचा नाही, तर कर्माचे फळ भोगतो कोण? बाहेरच्या वादात हाच प्रश्न आपल्याला अडवण्यासाठी टाकला जातो आणि आपण बहुतेक वेळा ‘आम्ही विज्ञान मानतो’ एवढे बोलून विषय बदलतो. पण उत्तर आपल्या परंपरेत आहे. त्याआधी एखादी गोष्ट खरी मानायची कशावरून, हे ठरवावे लागते.

अंगुत्तर निकायातील कालाम सुत्त याच प्रश्नाने सुरू होते. केसपुत्तचे कालाम तथागतांना म्हणाले, येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण स्वतःचे मत मिरवतो आणि दुसऱ्याचे खोडतो. मग खरे कोणाचे धरायचे? तथागतांनी त्यांची शंका रास्त ठरवली आणि पुरेसे नसलेले दहा आधार सांगितले. ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथातले वचन हे आधार आपल्या भाषणांत नेहमी येतात. पण त्याच यादीत निव्वळ तर्क आहे आणि ‘हा श्रमण आपला गुरू आहे’ हा आधारही आहे. हा भाग आपण सहसा गाळतो. दुसऱ्याच्या पोथीला कालाम सुत्त लावायचे आणि संदर्भ नसलेले ‘बाबासाहेब म्हणाले’ व्हॉट्सॲपवर पुढे ढकलायचे, हे एकत्र बसत नाही. ‘मनाला पटेल ते माना’ असाही या सुत्ताचा अर्थ नाही. लोभ, द्वेष, मोहातून केलेली कृती कुठे नेते ते स्वतः पाहा आणि सुज्ञ माणसे तिला काय म्हणतात तेही पाहा, अशी ती कसोटी आहे.

बाबासाहेबांनी ही कसोटी बौद्ध परंपरेलाही लावली. वृद्ध, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा त्यांनी नाकारली; एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यांतले काहीच पाहिले नव्हते, हे त्यांना पटले नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांनी कारण म्हणून पुढे आणला.

पुढे दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या आचार्यांनी ज्ञानाचे शास्त्रच बांधले. नैयायिक चार प्रमाणे मानत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. बौद्धांनी दोनच ठेवली, प्रत्यक्ष आणि अनुमान. डोळ्यांना धूर दिसतो हे प्रत्यक्ष. त्यावरून डोंगरावर आग आहे हे कळते ते अनुमान. शब्द, म्हणजे कोणाचे तरी वचन, स्वतंत्र प्रमाण राहिले नाही. हा नुसता पंडितांचा वाद नव्हता. वेद कोणा माणसाने रचलेले नाहीत म्हणून त्यांत चूक नाही, असे मीमांसक म्हणत आणि वर्णव्यवस्थेचा आधार तिथेच होता. शब्दप्रमाण गेले की तो आधारही जातो. धर्मकीर्तीने जातीचा अभिमान हा मंदबुद्धीच्या खुणांपैकी एक मानला आहे. त्याच्या ‘प्रमाणवार्तिक’ या ग्रंथाची संस्कृत हस्तलिखिते राहुल सांकृत्यायन यांना विसाव्या शतकात तिबेटमध्ये सापडली.

मनाविषयी थोडक्यात. धम्मात मन हे सहावे इंद्रिय आहे आणि जाणीव म्हणजे विज्ञान हे कारणांनी उत्पन्न होते. साती नावाचा भिक्खू म्हणू लागला की एकच विज्ञान जन्मोजन्मी फिरते. तथागतांनी त्याला खडसावले. लाकडाने पेटला तो लाकडाचा विस्तव, शेणीने पेटला तो शेणीचा. तसेच डोळ्यामुळे होणारे ते चक्षुविज्ञान. मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात हे आले आहे.

आता ‘मी’. औरंगाबादच्या नागसेनवनातून मिलिंद महाविद्यालयात शिकलेल्यांना ही दोन्ही नावे तोंडपाठ असतात, संवाद मात्र वाचलेला नसतो. राजा मिलिंद रथातून आला होता. नागसेनांनी विचारले, दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? राजाने प्रत्येकाला नाही म्हटले. सगळे भाग जुळले की ‘रथ’ हे नाव पडते. तसेच रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांवरून ‘नागसेन’.

मग जबाबदारी कोणाची? त्याच ग्रंथात आंब्याचा दाखला आहे. चोर म्हणतो, मालकाने पेरलेले आंबे वेगळे, मी नेलेले वेगळे. माझा गुन्हा नाही. राजा हे मानत नाही, कारण हे आंबे त्याच आंब्यांपासून आले. अत्याचार करणाऱ्याला ‘तो मी आता राहिलो नाही’ म्हणून सुटता येत नाही, ते यामुळेच. जबाबदारीला न बदलणारा आत्मा लागत नाही, कार्यकारणाची सलग साखळी पुरते.

पण ही साखळी मागच्या जन्मापर्यंत ताणून ‘तुमची जात हे तुमच्याच पापाचे फळ’ असे कोणी म्हणाले तर? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये याला सरळ विरोध केला. अशा सिद्धांताचा उपयोग एवढाच दिसतो की गरीब आणि पददलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मते अनात्म शिकवताना सर्वात आधी हेच प्रकरण वाचायला घ्यावे, रथ नंतर. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. आत्मा नसेल तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, हा त्यांतला तिसरा.