शेतमुक्काम
कसत्या शेतीवरचे निवासघर गटाने भाड्याने घेण्याची पद्धत. कृषी पर्यटनाचा एक प्रकार. बारामती परिसरात पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाला संघटित रूप दिले. महाराष्ट्र शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. हंगाम मुख्यतः हिवाळी: ज्वारीची कणसे दुधावर येताच हुरडा पार्ट्या सुरू होतात. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात कणीस भाजायचे, गरम असतानाच हातावर चोळायचे, सोबत चटणी, गूळ. सुरतेत हाच हुरडा ‘पोंक’ म्हणून शेवेबरोबर खातात. त्यामुळे तिथल्या डिंडोलीसारख्या वस्त्यांतील खानदेशी कुटुंबांना तो परका वाटत नाही. मात्र सुरत शहराभोवती भाड्याने मिळणाऱ्या फार्म हाउसांत बहुधा हिरवळ आणि तरणतलावच असतो. तेथे पीक नसल्यास त्याला शेतमुक्काम म्हणणे ओढूनताणूनच.