माणसं जास्त झाली म्हणजे नक्की काय झालं?

एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवाल्याने बातमी आली की भारताने लोकसंख्येत चीनला मागे टाकलं. झालं! आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन दिवस जुंपली. काकांचं म्हणणं, आपल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच, माणसं फार झाली. पुण्यातल्या आतेभावाचं म्हणणं, काका, तरुण माणसं हीच तर आपली ताकद, जपानकडे बघा. मग नेहमीप्रमाणे कुणीतरी गुलाबाचं फूल टाकून 'शुभ सकाळ' केलं आणि वाद मिटला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही, कारण दोघंही हवेत बोलत होते. देश ही फार मोठी गोष्ट आहे, त्यात कुठलंही मत खपतं. म्हटलं, आपल्या सोलापूरला लावून बघू. दीडशे वर्षांचे आकडे आहेत, दुष्काळ आहेत, गिरण्या आहेत. बघू तर खरं, काय निघतं ते.

सुरुवात पहिल्या खानेसुमारीपासून करू. १८७२ साली सोलापूर जिल्ह्यात सात लाखांच्या थोडी वर माणसं मोजली गेली. पुढची मोजणी १८८१ सालची, तिच्यात भरली पाच लाख ब्याऐंशी हजार. सव्वा लाखाहून जास्त माणसं कमी! सगळी मेली असं नाही, बरीच निजामाच्या मुलखात किंवा आणखी कुठे पोट भरायला निघून गेली. पण मधे १८७६ ते ७८ चा तो भयंकर दुष्काळ होता आणि पाचातलं जवळजवळ एक माणूस जिल्ह्यातून नाहीसं झालं, हे काही बदलत नाही.

तेव्हाच्या सरकारचं याबद्दल काय म्हणणं होतं? व्हाइसरॉय लिटन यांचं मत होतं की हिंदुस्थानातली माणसं जमिनीतून पिकणाऱ्या अन्नापेक्षा वेगाने वाढतात. म्हणजे मॅल्थसबुवांचं १७९८ सालचं गणित. (हे मॅल्थसबुवा कंपनी सरकारच्या हेलिबरी कॉलेजात प्राध्यापक होते. इकडे येणाऱ्या साहेबांच्या कैक तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. त्यामुळे साहेबाच्या डोक्यात हे कुठून आलं ते शोधायला फार लांब जावं लागत नाही.) लिटननी पाठवलेले सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी कापली. दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. दिवसभर खडी फोडायची आणि त्यावर जगायचं. मुंबई इलाख्यात हजारो मजूर या कपातीविरुद्ध कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे मांडली.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा!). १८६० सालीच सोलापूरला आगगाडी आलेली होती. शहराजवळचा एकरुखचा तलाव, आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो तो, दुष्काळाच्या आधीच बांधून झालेला होता. देशात धान्य अजिबात नव्हतं असंही नाही, त्याच काळात हिंदुस्थानातून विलायतेला गहू जातच होता. पण पीक बुडालेल्या शेतमजुराच्या हाती पैसा नव्हता, आणि पैसा नाही त्याला गाडीने आलेलं धान्य काय कामाचं? मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. बादशहाची कोठारं भरलेली आणि बाहेर माणसं मरतायत. पंतांनी कोठारं उघडली. माणसं किती आहेत ते मोजत बसले नाहीत. दुष्काळाचं सगळं अर्थशास्त्र त्या एका गोष्टीत आहे असं मला वाटतं. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली पुस्तक लिहून जे सांगितलं, ते आपल्या कीर्तनकारांना बऱ्यापैकी माहीत होतं.

त्याच दुष्काळात, १८७७ साली, सोलापुरात एक चिमणी धूर ओकू लागली. मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी गिरण. पुढे लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. ज्या मुलखातून माणसं पळत होती, त्याच मुलखातल्या एका शहराला आता माणसं कमी पडू लागली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि शहराचा पूर्व भाग तेलुगू बोलू लागला. कर्नाटकाकडून कानडी माणसं आली. आसपासच्या तालुक्यांतून मराठी शेतमजूर आले. 'सेटलमेंट'मध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या, सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची माणसंही गिरण्यांनी कामावर घेतली. (त्यांच्यावरचा तो शिक्का कायद्याने पुसायला १९५२ साल उजाडावं लागलं.) १९०१ साली शहर पाऊण लाखाचं होतं, १९२१ साली लाखाच्या वर गेलं. आज सोलापूरकर एका वाक्यात तीन भाषा घालतो आणि बाहेरच्याला हसू येतं, त्याचं मूळ हे आहे. आणि एवढी माणसं एका ठिकाणी आली म्हणूनच मे १९३० मध्ये हे शहर काही दिवस इंग्रजांच्या हातातून निसटलं. मग मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. तो इतिहास तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून इथे थांबतो.

गिरण्यांचा हा काळ चालू असताना, १९१८ साली, डॉ. आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. तेव्हा बहुतेक अर्थतज्ज्ञ म्हणत होते की शेतांचे तुकडे फार झाले, ते जोडा. बाबासाहेब म्हणाले, खरा प्रश्न तुकड्यांचा नाही. शेतीवर जी जास्तीची माणसं बसून आहेत, त्यांच्या हाताला काम नाही, हा प्रश्न आहे. ती खातात पण पिकवू शकत नाहीत, म्हणून उद्योगधंदे काढा. मला हा निबंध वाचताना सतत सोलापूर दिसत होतं. जी माणसं बार्शी-करमाळ्याच्या कोरडवाहू शेतात जास्तीची होती, तीच गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या शहराला हवी होती. माणूस तोच, फक्त जागा बदललेली.

पण म्हणून बाबासाहेब 'होऊ द्या कितीही मुलं' म्हणणारे नव्हते, आणि हे आतेभावासारख्यांनी लक्षात घ्यायला हवं. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत त्यांच्या वतीने प्र. ज. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तो पडला. त्याआधी र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं होतं. आता हे साल बघा. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा चक्क कमी भरली होती, कारण १९१८ चा इन्फ्लुएन्झा! म्हणजे देशात माणसं घटलेली असताना कर्वे हे काम सुरू करत होते. मग त्यांना देशाच्या गर्दीची काळजी होती का? मुख्य काळजी बाईची होती. दर दीड-दोन वर्षांनी बाळंत होऊन खंगत जाणाऱ्या बाईला 'आता नको' म्हणता यावं, एवढंच. यापायी त्यांनी कॉलेजातली नोकरी गमावली. बाईने किती मुलं व्हावीत हे स्वतः ठरवणं आणि देशाची माणसं किती असावीत हे सरकारने ठरवणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्यांची सारखी गल्लत करतो.

ती गल्लत केली की काय होतं, ते आपल्याच जिल्ह्यात होऊन गेलं. पण त्याआधी १९७२ सांगायला हवं.

१९७२ चा दुष्काळ घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलाय. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं, विहिरींच्या तळाला खरवडून भरलेल्या घागरी. तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या बावीस लाखांच्या वर होती, म्हणजे १८७२ च्या तिप्पट. (तेव्हाच्या जिल्ह्याच्या सीमा जरा वेगळ्या होत्या, ते सोडून देऊ.) पाऊस तर दोन्ही वेळी दगा देऊन गेला. मॅल्थसचं गणित बरोबर असतं तर तिप्पट माणसं मरायला हवी होती. तसं झालं नाही. गुरं मेली, संसार मोडले, माणसं मुंबई-पुण्याला गेली ती परत आली नाहीत, पण १८७७ सारखा मृत्यूचा लोंढा आला नाही. का? कारण लाखो माणसांना कामं काढून दिली गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. शंभर वर्षांपूर्वी टेम्पलसाहेबानेही खडीच फोडायला लावली होती. फरक मजुरीचा होता, आणि मत देणाऱ्या माणसाला मरू देणं सरकारला परवडत नाही याचाही होता.

आणि चारच वर्षांनी बार्शी. जानेवारी १९७६, आणीबाणी चालू. बार्शीत दहा दिवसांचं नसबंदी शिबिर भरलं, हजार शस्त्रक्रियांचं लक्ष्य. लोक आपण होऊन येईनात, तेव्हा बाजाराला आलेल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांना धरून नगरपालिकेच्या कचरा वाहणाऱ्या गाड्यांत घातलं आणि शिबिरात नेलं. कचऱ्याच्या गाडीत! कुणाला किती मुलं, लग्न झालंय का, हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, नाहीतर सक्तीचा असा कायदा करणारं पहिलं राज्य म्हणून आपलं नाव लागलं असतं. त्या गाड्यांमध्ये कोण होतं? बाजाराला पायी येणारी माणसं. 'लोकसंख्या फार झाली' असं आपण म्हणतो तेव्हा मनात स्वतःचं घर कधीच नसतं. काकांना हे तोंडावर म्हणायची माझी हिंमत नाही, म्हणून इथे लिहितोय. (काका, वाचत असाल तर रागावू नका. जेवायला येतोच आहे.)

बरं, या सक्तीशिवाय काय झालं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर बाईमागे १.७ निघाला. लोकसंख्या आहे तेवढी राहायची तर तो २.१ लागतो. मुली शिकल्या, जन्मलेलं मूल जगू लागलं, दवाखाना जवळ आला, आणि चार मुलांच्या आयांच्या मुली दोनवर थांबल्या. आमच्याच घरात आजोबांची भावंडं नऊ, बाबांची पाच, आम्ही दोघं. कुणी गाडी घेऊन आलं नव्हतं.

मग गर्दीने काहीच बिघडत नाही का? बिघडतं की. पाणी हे त्याचं सरळ उदाहरण. २०११ साली जिल्हा त्रेचाळीस लाखांचा होता आणि पाऊस आहे तेवढाच. उजनी १९८० साली पूर्ण झालं. तरी त्यानंतर कित्येक वर्षं सोलापूर शहराने चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळाचं पाणी भरलंय. पिंपं, टाक्या, मध्यरात्रीचे गजर, हे सगळ्यांनी अनुभवलंय. पण ते पाणी माणसांनी पिऊन संपवलं असं म्हणाल तर नाही हो. ज्वारीच्या या जिल्ह्यात तीसच्या आसपास साखर कारखाने आहेत, आणि ऊस किती पाणी पितो ते कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. इथे गर्दी माणसांपेक्षा उसाची जास्त झालीय, असं मी म्हटलं की माढ्याचे पाहुणे चिडतात. चिडोत.

आणि आता उलटाच प्रकार सुरू झालाय, ज्याची मला खरी काळजी वाटते. जुनी गिरण १९६३ साली बंद पडली. बाकीच्याही एकेक करत गेल्या. यंत्रमाग, चादर, टॉवेल आणि विड्या यांवर शहर तगलं. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. विडी कामगार बायकांनी लढून घरं मिळवली, कुंभारीची दहा हजार घरं २००६ साली त्यांच्या ताब्यात आली. पण २००१ ला आठ लाख बहात्तर हजारांचं शहर २०११ ला साडेनऊ लाखांवरच पोचलं. दहा वर्षांत नऊ टक्के! देशाची लोकसंख्या त्याच काळात साडेसतरा टक्क्यांनी वाढली. म्हणजे इथे जन्मलेली माणसंसुद्धा इथे राहत नाहीत. ज्या पूर्व भागात एकेकाळी विणकरांना राहायला खोली मिळत नव्हती, तिथे आता यंत्रमागवाल्यांची तक्रार ऐकू येते की मागावर उभं राहायला तरुण पोरगा मिळत नाही. पोरगा मिळत नाही कारण तो शिकलाय, आणि शिकलेल्याला पुरेल एवढा पगार इथे नाही. काकांच्या मते हे चांगलंच झालं असणार, गर्दी कमी. आतेभावाच्या हिशेबात हीच ती तरुण ताकद, पण ती पुण्याच्या खात्यावर जमा.

सोमवारी सकाळी पुण्याला निघणारी हुतात्मा एक्सप्रेस बघा. त्या चौघा हुतात्म्यांच्या नावाची गाडी. पंचविशी-तिशीची पोरंपोरी, पाठीला सॅक, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. हिंजवडी, चाकण, हडपसर. यातले बरेचसे शनिवार-रविवार परत येतात. काही फक्त गड्ड्याच्या जत्रेला येतात. काही आता येतच नाहीत. त्यांचे आईवडीलच त्या गाडीने जातात, नातवंडं सांभाळायला, आणि इकडे घराला कुलूप असतं.